अणू, रेणू, परमाणू : कुठे काय लिहायचे?

भाषांतरहमाल (मूळ धागा)

हिंदीतून मराठीत आणलेल्या विज्ञानाच्या मजकुरात एक चूक इतक्यांदा दिसते, की तिच्यासाठी वेगळा धागा हवाच. हिंदी वाक्य असे: 'पानी के एक अणु में तीन परमाणु होते हैं।' मराठीत ते उतरते ते असे: 'पाण्याच्या एका अणूत तीन परमाणू असतात.' लिपी तीच, शब्द ओळखीचे, त्यामुळे भाषांतर करणारा पुढे सरकतो. अडखळतो तो मराठीतून शाळा शिकलेला वाचक. त्याच्या लेखी अणू मूलद्रव्याचा असतो, पाण्याचा नाही.

बरोबर वाक्य: 'पाण्याच्या एका रेणूत तीन अणू असतात.'

म्हणजे हिंदीचा परमाणु तो आपला अणू, आणि हिंदीचा अणु तो आपला रेणू. गुजराती आणि बंगालीचीही मांडणी हिंदीसारखीच आहे, त्यामुळे तिथून येणाऱ्या मजकुरातही हाच खड्डा.

तीन गोष्टींवर जाणकारांनी लिहावे. अणू या शब्दाचा मुळातला अर्थ काय? परमाणू हा शब्द मराठीत वापरायचा की नाही? आणि अणु की अणू?

---

केंद्रक

धागा हवाच होता. शब्दाच्या इतिहासावर इतर लिहितील, मी कामाचे सांगतो.

हिंदी मजकूर समोर असेल तर तीन शब्दांवर खूण करायची: परमाणु, अणु आणि आण्विक (काही जण आणविक लिहितात). खरा दगा देतो तो तिसरा. हिंदी पाठ्यपुस्तकात 'आण्विक द्रव्यमान' म्हणजे आपले रेणुवस्तुमान. मराठीत मात्र आण्विक म्हटले की डोळ्यांपुढे शस्त्रे आणि भट्ट्या येतात. 'आण्विक द्रव्यमान' जसेच्या तसे ठेवले तर वाचक अणुवस्तुमान समजतो आणि पुढचे गणित चुकते. पाण्याचे रेणुवस्तुमान १८, त्यातल्या ऑक्सिजनचे अणुवस्तुमान १६, हायड्रोजनचे १. शब्द बदलला की आकडा बदलला.

जोड्या अशा लावा:
परमाणु क्रमांक : अणुअंक
द्रव्यमान संख्या : अणुवस्तुमानांक
परमाणु द्रव्यमान : अणुवस्तुमान
आण्विक द्रव्यमान : रेणुवस्तुमान
अणुसूत्र किंवा आण्विक सूत्र : रेणुसूत्र

संगणकावर शोधा-बदला करणार असाल तर जपून. 'अणु'च्या जागी 'रेणु' टाकलेत तर परमाणुचा 'परमरेणु' होऊन बसेल.

---

उकार

केंद्रक, शेवटच्या वाक्याशी असहमत. 'परमरेणु' होणार नाही. परम + अणु असा संधी झाला की सुटा अ उरतच नाही, तो म च्या कान्यात जातो. संगणकाच्या दृष्टीने 'परमाणु' ही अक्षरे प, र, म, काना, ण, उकार अशी आहेत. 'अणु' शोधायला सांगितले तर त्याला परमाणु सापडणार नाही. जीवाणु, विषाणु हेही याच कारणाने वाचतात.

खरी गडबड क्रमात आहे. आधी परमाणुचा अणु केला आणि मग अणुचा रेणु केला, तर दुसऱ्या फेरीत नवे-जुने सगळेच रेणु होतात आणि अख्ख्या लेखात एकही अणू शिल्लक राहत नाही. म्हणून उलटे करायचे. आधी अणुचा रेणु, नंतर परमाणुचा अणु.

त्याच्याही आधी अपवाद बाजूला काढायचे. हिंदी बोलीत आणि वर्तमानपत्रांत 'अणु बम', 'अणुशक्ति' हेही चालते, तिथे अणुचा अर्थ आपल्यासारखाच. ते न काढता फेरी मारलीत तर 'रेणु बम' छापून येईल.

---

भाषांतरहमाल

'रेणु बम'! क्रमाचा मुद्दा सोन्यासारखा आहे. ऱ्हस्व-दीर्घाचेही सांगून टाका.

---

उकार

१९६२ च्या शुद्धलेखन नियमांप्रमाणे मराठीत सुटा आलेला तत्सम उकारान्त शब्द दीर्घान्त लिहायचा. म्हणून अणू, रेणू, परमाणू, जीवाणू, विषाणू. समासात तोच शब्द पहिला आला तर मूळचा ऱ्हस्व परत येतो: अणुभट्टी, अणुस्फोट, अणुऊर्जा, रेणुसूत्र, विषाणुशास्त्र. विभक्ती लागली तरी दीर्घच राहतो: अणूचा, अणूत, अणूंना.

गोंधळ होतो तो 'अणूऊर्जा' आणि 'अणुचा' या दोन रूपांत. दोन्ही चूक, आणि दोन्ही उलट्या दिशेने चूक. सोपी खूण अशी, की पुढे पूर्ण शब्द असेल तर ऱ्हस्व, प्रत्यय असेल तर दीर्घ.

लिंग पुल्लिंग. तो अणू, ते अणू. अनेकवचनात रूप बदलत नाही, त्यामुळे 'अणू असतो' की 'अणू असतात' हे क्रियापदावरूनच कळते. क्रियापद नीट ठेवा.

अणु + अस्त्र = अण्वस्त्र. उ चा व झाला, तो नेहमीचा यण् संधी. 'अणुअस्त्र' हे रूप अधूनमधून दिसते, पण अण्वस्त्र इतका रुळला आहे की वेगळे लिहायचे कारण नाही. उलट अणुऊर्जेचा संधी केला तर 'अणूर्जा' होईल, ते मात्र कोणी लिहीत नाही. डोळ्याला आणि जिभेला दोघांना नको वाटते.

अवांतर: टोकदार या अर्थाचा शब्द 'अणकुचीदार' आहे. त्यात अणी आहे, म्हणजे टोक. 'अणुकुचीदार' लिहून त्यात अणू घुसवू नये.

---

पाणिनीचा शेजारी

मूळ अर्थाबद्दल.

संस्कृतात अणु आधी विशेषण आहे: बारीक, सूक्ष्म. नाम म्हणून त्याचा एक अर्थ फार कमी जणांना ठाऊक असतो, तो म्हणजे एक बारीक दाण्याचे धान्य, वरी. बृहदारण्यक उपनिषदात दहा ग्राम्य धान्ये मोजली आहेत, त्यांत तांदूळ, जव, तीळ, उडीद यांच्या जोडीला अणू आणि प्रियंगू येतात. पाणिनीनेही (५.२.४) तीळ, उडीद, जवस, भांग आणि अणू यांच्या शेताला काय म्हणायचे याचा नियम दिला आहे. त्याप्रमाणे अणूचे शेत म्हणजे 'अणव्य' किंवा 'आणवीन'. आजच्या कानाला आण्विक शेती वाटेल, पण आहे साधे वरीचे रान.

रेणू म्हणजे धूळ, धुळीचा कण, परागही. चरणरेणू या शब्दात तोच अर्थ अजून जिवंत आहे.

तत्त्वज्ञानात शब्द पक्का केला वैशेषिकांनी. कणादाच्या परंपरेत द्रव्याचा शेवटचा, न तुटणारा भाग म्हणजे परमाणू. दोन परमाणूंचे द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक, म्हणजेच त्रसरेणू. परमाणू आणि द्व्यणुक दिसत नाहीत. झरोक्यातून आलेल्या कवडशात तरंगताना दिसतो तो त्रसरेणू, दिसणाऱ्या वस्तूंत सर्वांत लहान. म्हणजे हिशेबाने त्यात सहा परमाणू.

आता हिंदी आणि मराठी या दोघींच्या निवडी बघा. हिंदीने 'परम अणु' हा शेवटचा तुकडा मानला आणि नुसता अणु त्याहून मोठा ठेवला. मराठीने अणू लहान आणि रेणू, म्हणजे धूळ, त्याहून मोठा ठेवला. दोन्ही निवडी आपापल्या जागी सरळ आहेत. 'मराठीने चुकीचा शब्द घेतला' असे म्हणणाऱ्यांना रेणूचा मूळ अर्थ माहीत नसतो.

परमाणूबद्दल: मराठीत तो दर्शनशास्त्रापुरता ठेवावा. वैशेषिक, जैन मत यांवर लिहिताना परमाणूच लिहायचा, तिथे अणू केलात तर द्व्यणुकाशी घोटाळा होतो. रसायनशास्त्रावर लिहिताना त्याची गरज नाही.

---

शंकासूर

मग तुकोबांच्या 'अणुरेणियां थोकडा'चे काय? तिथे कोणता अणू?

---

पाणिनीचा शेजारी

कोणताच शास्त्रीय अणू नाही. थोकडा म्हणजे लहान. अणुरेणूहूनही लहान, असा सरळ अर्थ, आणि पुढे लगेच आकाशाएवढा. कठोपनिषदातल्या 'अणोरणीयान् महतो महीयान्'ची छाया उघड आहे. तिथला अणु विशेषण आहे, बारकाहून बारीक. या ओळीला अणुविज्ञानाचा पुरावा म्हणून जे लेख फिरतात त्यांनी ती वाचलेलीच नसते.

---

ठोकताळा

त्रसरेणूवरून जरा हिशेब मांडतो, कारण 'अतिशय लहान' म्हणताना माणसे किती लहान म्हणतात ते त्यातून दिसते.

मनुस्मृतीत (अध्याय ८) वजनांची उतरंड आहे. ८ त्रसरेणू = १ लिक्षा, ३ लिक्षा = १ राजसर्षप, ३ राजसर्षप = १ गौरसर्षप, ६ गौरसर्षप = १ यव, ३ यव = १ कृष्णल, म्हणजे गुंज. गुणाकार करा: ८ × ३ × ३ × ६ × ३ = १२९६ त्रसरेणूंची एक गुंज. गुंजेचे वजन साधारण ०.१२ ग्रॅम धरले तर एक त्रसरेणू ०.०९ मिलिग्रॅमचा येतो.

आता कवडशातला खरा कण घ्या. ५० मायक्रोमीटर व्यासाचा गोल वाळूचा कण, घनता २.६५. वजन येते सुमारे ०.१७ मायक्रोग्रॅम. म्हणजे स्मृतीतला त्रसरेणू खऱ्या कणाच्या पाचशेपट जड निघाला. त्या काळच्या तराजूला यात दोष नाही, उतरंडीच्या खालच्या पायऱ्या मोजलेल्या नसून कल्पिलेल्या आहेत.

आणि त्यात परमाणू किती? दर्शनाच्या हिशेबाने ६. आजच्या हिशेबाने त्याच वाळूच्या कणात ५ वर १५ शून्ये इतके अणू. डोळ्याला दिसण्याची हद्द आणि अणू यांच्यात केवढी दरी आहे ते इथे कळते.

पाण्याचा थेंब ०.०५ मिलिलिटरचा धरा. १८ ग्रॅम पाणी म्हणजे १ मोल, म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके रेणू. थेंबात येतात १.६७ गुणिले १० चा २१ वा घात. अणू हवे असतील तर त्याच्या तिप्पट. इथे 'थेंबात इतके अणू' असे लिहून आकडा रेणूंचा दिला, तर उत्तर एकतृतीयांश होते. ही चूक छापील मजकुरातही आढळते.

---

शंकासूर

जीवाणू, विषाणू यांतही अणू आहे. पण ते अणूएवढे नाहीत ना?

---

ठोकताळा

अजिबात नाहीत. तिथे अणू नुसता 'बारीक' या जुन्या अर्थाने आला आहे. शुक्राणू, बीजाणू हेही त्याच घरातले.

मापे अशी: केस ५० ते १०० मायक्रोमीटर जाड. जीवाणू साधारण १ ते ५ मायक्रोमीटर. बहुतेक विषाणू २० ते ३०० नॅनोमीटर. पाण्याचा रेणू ०.२८ नॅनोमीटरच्या आसपास. अणू ०.१ ते ०.५ नॅनोमीटर. अणुकेंद्रक त्याच्याही काही दहा हजारपट लहान.

२ मायक्रोमीटर लांबीच्या एका जीवाणूत सुमारे १०० अब्ज अणू असतात. साध्या सूक्ष्मदर्शकाला २०० नॅनोमीटरच्या खालचे वेगळे दाखवता येत नाही, कारण प्रकाशाची तरंगलांबीच ४०० ते ७०० नॅनोमीटर आहे. त्यामुळे जीवाणू दिसतो, बहुतेक विषाणू दिसत नाहीत. 'सूक्ष्मदर्शकातून अणू पाहिला' असे वाक्य आले तर कोणता सूक्ष्मदर्शक ते विचारा. १९८१ साली झुरिकमध्ये बिनिग आणि रोरर यांनी केलेल्या क्रमवीक्षण उपकरणात टोकदार सुई पृष्ठभागावरून फिरते आणि विद्युतप्रवाहावरून अणूंची चढउतार उमटते. त्यात प्रकाश नाही, त्यामुळे 'पाहिला' हे क्रियापदही तिथे सैलच.

---

केंद्रक

रेणू शब्द कुठे वापरायचा नाही तेही लिहून ठेवतो. भाषांतरात चूक बहुधा याच टोकाला होते.

मीठ. 'मिठाचा रेणू' लिहू नये. घन मिठात एक सोडियम आणि एक क्लोरीन अशी सुटी जोडी नसतेच. प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम, असे जाळे सगळीकडे पसरलेले असते. तिथे 'सूत्र-एकक' म्हणावे.

हिरा. कार्बनचे अणू एकमेकांना बांधलेले, सुटा रेणू नाही. 'हिऱ्यातले अणू' बरोबर, 'हिऱ्याचे रेणू' चूक.

हेलियम, निऑन, अरगॉन. हे एकेकटे राहतात. वायूच्या नियमांत त्यांना रेणू म्हटलेले दिसेल, ते चूक नाही, कारण तिथे रेणू म्हणजे स्वतंत्र हिंडणारा कण.

ऑक्सिजन. इथे सांभाळा. 'ऑक्सिजनचा अणू' एक, 'ऑक्सिजनचा रेणू' दोन अणूंचा, ओझोनचा रेणू तीन अणूंचा. 'ओझोनचा अणू' अशी वस्तू नाही.

प्रथिने, स्टार्च, प्लास्टिक. हे महारेणू. 'प्रथिनाचे अणू' असे लिहिले तर अर्थ होतो त्यातले कार्बन, हायड्रोजन वगैरे. लिहिणाऱ्याला बहुतेक वेळा तो अर्थ नको असतो.

आणखी एक सवय. 'अणुऊर्जा' हा शब्द रूढ आहे, राहू द्या. पण ती ऊर्जा येते केंद्रकातून. लाकूड जळतानाही अणूंचीच फेरमांडणी होते. म्हणून कारण समजावताना 'केंद्रकाचे विखंडन' असे लिहा, नाव घेताना अणुभट्टी लिहा. दोन्ही एका परिच्छेदात नांदू शकतात.

---

उकार

+१. विशेषणांचेही सांगतो. आण्विक मराठीत अणूचे विशेषण. रेणूचे विशेषण 'रेणवीय' किंवा 'रेण्वीय', दोन्ही छापलेले दिसते. एका लेखात एकच ठेवा. 'रेण्विक' टाळा.

---

पाटीवरची रेघ

अणू सोडून 'सूक्ष्म'कडेही बघा, कारण आजकाल सगळ्यात जास्त भार त्याच शब्दावर आहे.

सूक्ष्मजीव: इथे आकार लहान. सूक्ष्म अन्नद्रव्ये: जस्त, लोह, बोरॉन यांचे कण लहान असतात म्हणून नव्हे, तर पिकाला ती फार थोडी लागतात म्हणून. सूक्ष्म सिंचन: पाणी देण्याचा वेग कमी. सूक्ष्म उद्योग: गुंतवणूक आणि उलाढाल कमी. सूक्ष्मदेह: इथे माप लागूच नाही, इंद्रियांना न कळणारा इतकाच अर्थ, आणि त्याची जोडी स्थूलशी. म्हणून 'सूक्ष्म'चा विरुद्धार्थी शब्द विचारला की मोठा लिहू नये. स्थूल लिहावा.

भाषांतरात 'मायक्रो' आले की सरसकट सूक्ष्म करू नये. मायक्रोमीटर, मायक्रोग्रॅम ही एकके तशीच ठेवावीत. 'सूक्ष्मग्रॅम' म्हटले तर दहा लाखावा भाग हा अर्थ हरवतो, आणि औषधाच्या मात्रेत ते परवडणारे नाही. 'नॅनो'साठी मराठीत 'अब्जांश' हा शब्द आहे. अब्जांश तंत्रज्ञान हे नाव मला आवडते, कारण त्यात आकडा आहे. नॅनो हा मुळात ग्रीक बुटका. जाहिरातींत मात्र नॅनो म्हणजे नुसते 'छोटे आणि महाग' एवढाच अर्थ उरला आहे.

---

शंकासूर

आणि बोलण्यातले तीळभर, तसूभर, रतीभर, कणभर? हे सगळे एकच का?

---

पाटीवरची रेघ

नाही. प्रत्येकाचे माप वेगळ्या जातीचे आहे. रती वजनाची, म्हणून 'रतीभर सोने'. तसू लांबीचा, २४ तसूंचा एक गज, म्हणून 'तसूभर मागे सरकणार नाही'. गंमत म्हणजे तसू इंचाहून मोठा, त्यामुळे अगदी बारीक म्हणून घेतलेला शब्द चांगला बोटभर आहे. कण वस्तूचा: कणभर मीठ. लव काळाचा, पण लवलेश कशालाही चालतो. तीळभर कशालाही चालतो, भावनेलासुद्धा: 'तीळभर दया नाही.' 'तसूभर दया नाही' कानाला खटकते ते याचमुळे.

'अणुमात्र' पुस्तकी आहे. नकारातच शोभतो: अणुमात्र शंका नाही. 'अणुमात्र मीठ घाला' असे कोणी म्हणत नाही.

---

भाषांतरहमाल

सगळ्यांचे आभार. वरच्या सूचना लावून एक परिच्छेद दुरुस्त केला आहे, तपासून द्या.

आधी: 'कार्बन डायऑक्साइडच्या अणुत तीन परमाणू असतात. त्याचे आण्विक द्रव्यमान ४४ आहे. मिठाच्या रेणूत दोन परमाणू असतात. हे सर्व अणु जीवाणूंपेक्षाही सूक्ष्म असतात.'

नंतर: 'कार्बन डायऑक्साइडच्या रेणूत तीन अणू असतात. त्याचे रेणुवस्तुमान ४४ आहे. मिठाच्या एका सूत्र-एककात एक सोडियम आणि एक क्लोराइड आयन असतो. हे सर्व अणू जीवाणूंपेक्षा हजारोपट लहान असतात.'

---

केंद्रक

शेवटच्या वाक्यात 'हे सर्व अणू' नको, वर रेणू आणि आयनही आले आहेत. 'हे सर्व कण' करा. आणि 'हजारोपट' कशात, ते सांगा. लांबीत म्हणत असाल तर ठीक, आकारमानात ते अब्जावधीपट होते.

---

भाषांतरहमाल

'हे सर्व कण लांबीने जीवाणूच्या हजारो भागांपैकी एका भागाएवढे असतात.' चालेल?

---

उकार

चालेल, पण वाक्य लंगडते. 'या कणांची लांबी जीवाणूच्या लांबीच्या काही हजाराव्या भागाएवढी असते.' आणि मूळ मजकुरात 'अणुत' होते ना, ते दीर्घ करून टाका, परत कोणी तिथूनच उतरवेल.